केन नदीच्या काठची पुस्तकं

रेवती_श्रीव्हपोर्ट | शनिवार, सकाळी ९:४०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला धागा आज काढतेय.

मी लुइझियानाच्या उत्तरेला श्रीव्हपोर्टमध्ये राहते. इथून दक्षिणेकडे सव्वा-दीड तास गाडी चालवली की एक गाव लागतं. स्पेलिंग बघून 'नॅचिटोचेस' वाचावंसं वाटतं, पण म्हणायचं 'नॅकटिश'. १७१४ साली फ्रेंचांनी वसवलेलं. गावाला लागूनच एक संथ, हिरवट पाणी आहे. त्याला केन रिव्हर म्हणतात, पण ही नदी आता वाहत नाही. पूर्वी रेड रिव्हरचा मुख्य प्रवाह इथून जायचा. १८३० च्या दशकात तिने पात्र बदललं आणि मागे हा जुना फाटा उरला, साधारण ३५ मैलांचा. पुढे बांध घातले आणि त्याचा लांबच लांब तलाव झाला. दोन्ही काठांना पेकनची झाडं, कापसाची शेतं, मळेवाल्यांची मोठी घरं. मॅग्नोलिया नावाच्या मळ्यावर गुलामांसाठी बांधलेल्या विटांच्या आठ खोपटी अजून उभ्या आहेत.

नदीचा एवढासा तुकडा, पण त्याच्यावर जी पुस्तकं झाली आहेत ती एकमेकांशी बोलतात. मला त्याबद्दलच लिहायचंय.

सुरुवात केट शोपॅनपासून करते. बाई मूळची सेंट लुईसची. १८७९ मध्ये नवऱ्याबरोबर केन नदीकाठच्या क्लूटिअरव्हिल नावाच्या खेड्यात आली. नवऱ्याचं तिथे दुकान होतं. तीन वर्षांत तो तापाने गेला, पदरात सहा मुलं. तिने स्वतः दुकान चालवून कर्ज फेडत आणलं आणि १८८४ मध्ये माहेरी परतली. म्हणजे वास्तव्य जेमतेम पाच वर्षांचं. पण माहेरी जाऊन लिहायला लागल्यावर पानोपानी हाच केनचा काठ येत राहिला. 'ॲट फॉल्ट' ही कादंबरी १८९० ची, 'बायू फोक' हा कथासंग्रह १८९४ चा. दुकानाच्या फळीमागे उभं राहून ऐकलेली माणसं त्यात आहेत. फ्रेंच मिसळलेलं इंग्रजी बोलणारी, उधारीवर जगणारी, मानी.

'बायू फोक'मधली 'डेझिरेज बेबी' ही कथा तुमच्यापैकी कित्येकांनी अभ्यासाला वाचली असेल. डेझिरे ही अनाथ मुलगी, तिचा मळेवाला नवरा आर्मां आणि त्यांचं तान्हं बाळ. बाळाच्या रंगावरून संशय येतो आणि सगळं उद्ध्वस्त होतं. शेवट सांगत नाही. मला बोलायचंय ते सुरुवातीच्या एका वाक्याबद्दल. डेझिरे कौतुकाने आपल्याला वाढवणाऱ्या आईला सांगते की बाळ एवढं मोठ्याने रडतं की परवा आर्मांला ते पार ला ब्लांशच्या खोपटीपर्यंत ऐकू गेलं.

ला ब्लांश ही त्या मळ्यावरची गुलाम बाई. आर्मां तिच्या खोपटीत काय करत होता? डेझिरेला हा प्रश्न पडत नाही. शोपॅन पुढे एक अक्षर बोलत नाही. नंतर ला ब्लांशचा एक उजळ रंगाचा छोकरा बाळाला मोरपिसांच्या पंख्याने वारा घालताना दिसतो. डेझिरे आपल्या बाळाकडे बघते, मग त्या छोकऱ्याकडे, पुन्हा बाळाकडे. आणि तिचं रक्त गोठतं. गोष्ट मोठ्या घराचीच राहते. खोपटीचं दार बंदच.

ते दार शंभरेक वर्षांनी ललिता टॅडेमीने उघडलं. 'केन रिव्हर', २००१. एलिझाबेथ, सुझेट, फिलोमीन, एमिली. आई, मुलगी, नात, पणती. या चौघी खऱ्या, लेखिकेच्या स्वतःच्या घरातल्या. चौघीही गुलामीत जन्मल्या. गोऱ्या माणसांपासून झालेली मुलं, पिढीगणिक उजळत गेलेला रंग, त्या रंगामुळे मिळालेल्या बारीकसारीक सवलती आणि त्यापायी घराघरात पडलेली तेढ, हे सगळं ती स्वयंपाकघरातून आणि खोपटीतून सांगते. मालक मेला की मळ्याची वाटणी होते. गाई, नांगर, भांडी आणि माणसं एकाच यादीत. कोण कुणाच्या वाट्याला जाणार हे ठरायच्या आदल्या दिवसांत बायका काय करत असतील? भाकरी भाजत असतील, कपडे धूत असतील, लेकरांची डोकी विंचरत असतील. ती पानं मी रात्री वाचली आणि पुस्तक मिटून लेकीच्या खोलीत जाऊन बसले.

पुस्तकात मधेमधे अस्सल कागदांच्या प्रती आणि कुटुंबाचे जुने फोटो आहेत. फोटोतली एमिली ताठ बसलेली, थेट कॅमेऱ्याकडे बघणारी. कादंबरी वाचताना मी परत परत त्या पानाकडे जात होते.

ज्यांनी या भागातलं काही वाचलं आहे त्यांनी लिहा. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी विचारा.

मंदार_ठाणे | शनिवार, सकाळी १०:१५

छान धागा. 'ललिता' नाव वाचून लेखिका आपल्याकडची असेल असं वाटलं होतं. हे सगळं तिला सापडलं कसं? गुलामांच्या नोंदी कोण ठेवत होतं?

रेवती_श्रीव्हपोर्ट | शनिवार, सकाळी १०:५०

मंदार, ती आफ्रिकन-अमेरिकन, कॅलिफोर्नियात वाढलेली. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत उपाध्यक्ष होती. १९९५ मध्ये नोकरी सोडली आणि घराण्याचा शोध घेत बसली. २००१ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या बुक क्लबने पुस्तक निवडलं आणि ते घरोघर पोचलं.

नोंदी मालक ठेवत होते, कारण गुलाम ही मालमत्ता. विक्रीखत नोटरीपुढे व्हायचं, वारसांच्या वाटणीची यादी व्हायची, त्यात नाव, वय, किंमत. हा भाग फ्रेंच कॅथलिक वळणाचा, त्यामुळे गुलामांच्या मुलांचे बाप्तिस्मेसुद्धा चर्चच्या वहीत आहेत. टॅडेमीच्या हाती एलिझाबेथच्या विक्रीचा कागद आला. साल १८५०, किंमत ८०० डॉलर. ज्या कागदाने तिला विकलं त्याच कागदाने ती पणतीच्या पणतीला सापडली.

प्राजक्त | शनिवार, दुपारी १२:३०

रेवती, मी कोल्हापुरात बी.ए.च्या वर्गाला 'डेझिरेज बेबी' अकरा वर्षं शिकवली. दर वर्षी चर्चा शेवटच्या पत्रावर. मुलं शेवट ऐकून स्तब्ध होतात, मग तास त्यातच संपतो. ला ब्लांशच्या खोपटीचं ते वाक्य मी दर वर्षी मोठ्याने वाचलंय आणि दर वर्षी पुढे गेलेय. तुमचं वाचून आज कपाटातून जुनी प्रत काढली. त्या वाक्याखाली माझी पेन्सिलीची खूण आहे, समासात 'बाळाचा खणखणीत आवाज' एवढंच लिहिलेलं. मनाला फार लागलं.

एक भर घालते. 'ला ब्लांश' म्हणजे फ्रेंचमध्ये 'गोरी'. गुलाम बाईचं नाव 'गोरी'. कथेत रंगावरून जे घडतं त्याची गाठ या नावातच मारलेली आहे. त्यामुळे शोपॅनला काहीच दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. तिला दिसत होतं, आणि १८९३ च्या मासिकात जेवढं छापता येईल तेवढं तिने त्या एका वाक्यात ठेवलं.

रेवती_श्रीव्हपोर्ट | शनिवार, दुपारी १:१०

प्राजक्त, नावाचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. मनापासून आभार.

शोपॅनबद्दल तुमचं बरंचसं पटतं, पण सगळं नाही. त्याच संग्रहात 'बियाँड द बायू' आहे, ला फॉल नावाच्या काळ्या बाईची. मालकाच्या मुलासाठी जिवाची भीती टाकून ती ओढा ओलांडते. कथा सुंदर आहे. तरी तिची सगळी माया मालकाच्या घराकडेच वाहते, तिचं स्वतःचं म्हणून कुणी नाही. शोपॅनचं सासरही इथलंच मळेवाल्यांचं. ती ज्या ओसरीवर बसली होती तिथून जेवढं दिसतं तेवढं तिने फार बारकाईने पाहिलं. मी तिला सोडून द्या म्हणत नाही. तिच्या शेजारी टॅडेमी ठेवा, एवढंच.

कृष्णाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:०५

नदीने पात्र बदललं म्हणता, ते आपोआप की कुणी वळवलं?

सुहास_जलसंपदा | शनिवार, रात्री ८:२०

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलं म्हणून उत्तर देतो. रेड रिव्हरमध्ये वाहून आलेल्या झाडांचा एक अवाढव्य अडसर होता, त्याला ग्रेट राफ्ट म्हणत. ओंडक्यांवर ओंडके अडकून मैलोगणती साचलेले. पाणी तुंबून आजूबाजूला वाट काढत राही. १८३३ पासून हेन्री श्रीव्ह या कप्तानाने खास बोटी लावून तो फोडायला घेतला. रेवतीताईंच्या शहराला नाव त्याचंच. सपाट, गाळाच्या मुलखात नदीला दुसरा सरळ फाटा मिळाला की जुनं वळण हळूहळू मरतं. इथे नदी पूर्वेच्या फाट्याने निघून गेली. व्यापारी नौका तिकडून जायला लागल्या आणि नॅकटिशचा बंदराचा धंदा बसला. गाव जसंच्या तसं जुनं राहिलं त्याचं एक कारण हे.

अण्णा_वाई | रविवार, सकाळी ७:३०

धागा वाचला. या भागाबद्दल थोडं वाचलं आहे म्हणून स्पष्ट लिहितो. केन नदीकाठच्या 'मुक्त कृष्णवर्णीय' घराण्यांचं फार गोडवे गाऊन वर्णन होतं. गुलामीतून सुटले, जमिनी घेतल्या, चर्च बांधलं वगैरे. पण या लोकांनी स्वतः गुलाम ठेवले होते. ते कुणी ठळकपणे सांगत नाही. स्वतः बेड्या भोगलेल्याने दुसऱ्याला बेड्या घालाव्यात, याचं कौतुक मला करता येत नाही.

रेवती_श्रीव्हपोर्ट | रविवार, सकाळी ११:००

अण्णा, तुम्ही विषय काढलात ते बरं झालं. याच भागावर मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं आणि मूळ धाग्यात धीर झाला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मारी तेरेझ क्वाँक्वाँ, जन्म १७४२, नॅकटिश. गाव वसवणाऱ्या सँ-देनीच्या घरात गुलाम म्हणून जन्मली. पुढे क्लोद मेत्वाये या फ्रेंच व्यापाऱ्याने तिला भाड्याने घेतलं. त्याच्यापासून तिला दहा मुलं झाली. आधीची मुलं होतीच. १७७८ मध्ये त्याने तिला मुक्त केलं आणि १७८६ मध्ये, स्वतः गोऱ्या बाईशी लग्न करायच्या वेळी, नदीकाठी थोडी जमीन लावून दिली. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची. तिने तंबाखू लावला, नीळ केली, अस्वलाची चरबी विकली आणि आलेल्या पैशातून गुलामीत अडकलेली आपली मुलं नि नातवंडं एकेक करून सोडवली. तिच्या मुलांनी आइल ब्रेव्हेल नावाच्या पट्ट्यात मोठमोठे मळे उभे केले. थोरला ऑगस्टिन, त्याने बांधवलेलं सेंट ऑगस्टिन चर्च आजही चालू आहे. आत त्याचं तैलचित्र आहे. उंच, काळ्या कोटातला माणूस, एक हात मागच्या चर्चकडे दाखवणारा.

आणि हो, क्वाँक्वाँने स्वतःही गुलाम ठेवले. मुलांनी तर पुष्कळच. यावर दोन पुस्तकं आहेत आणि दोन्ही हे झाकत नाहीत. गॅरी मिल्स यांचं 'द फरगॉटन पीपल' (१९७७) हा इतिहास, आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ शोन मिल्स यांची 'आइल ऑफ केन्स' (२००४) ही कादंबरी. वंशावळींच्या अभ्यासात बाईंचं नाव फार मोठं आहे. उदाहरण देते. मेलरोजचा मळा क्वाँक्वाँने उभा केला असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं, पर्यटकांनाही. मिल्स पतिपत्नींनी कागद लावून दाखवलं की ती जमीन तिच्या मुलाला, लुई मेत्वायेला, १७९६ मध्ये मिळाली. लाडकी दंतकथा मोडायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही, म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसतो.

कौतुक करा असं मी म्हणत नाही. पण त्या समाजात मुक्त काळ्या माणसाकडे जमीन आणि गुलाम नसतील, तर त्याचं मुक्त असणं किती दिवस टिकेल याची खात्री नव्हती. हे समर्थन नाही, ते ज्या कोंडीत होते ती कोंडी आहे. 'आइल ऑफ केन्स'मध्ये लेकराला सोडवायला पै पै जमवणारी आई आणि बाजारात दुसऱ्याचं लेकरू विकत घेणारी मालकीण ही एकच बाई आहे. मला ती बाई आवडली. आणि मला तिचा राग आला. दोन्ही अजून तसंच आहे.

शेवटी सांगायचं तर, मेत्वाये मंडळींच्या मळ्यावर राबलेल्या माणसांची कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.

अण्णा_वाई | रविवार, दुपारी ३:४५

सविस्तर उत्तराबद्दल आभार. माझं मत कायम आहे, पण 'आइल ऑफ केन्स' वाचेन. तुमचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

मीनल_ह्यूस्टन | रविवार, रात्री ९:१०

मेलरोजचा विषय निघाला म्हणून लिहिते. आम्ही गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. तिथल्या एका जुन्या घराच्या भिंती मी हात लावून बघितल्या. लाकडाच्या चौकटीत चिखल, त्यात स्पॅनिश मॉस ही झाडांवरून लोंबणारी शेवाळासारखी वनस्पती आणि जनावराचे केस कालवून लिंपलेलं. याला बूझियाज म्हणतात. माझ्या आजोळी, संगमेश्वराकडे, कुडाच्या भिंती होत्या. बोटाला लागलेला खरखरीतपणा अगदी तोच.

मेलरोजच्या मालकीणबाई कॅमी हेन्री लेखकांना राहायला जागा देत. अट एवढीच की रोज काम झालं पाहिजे. लाइल सॅक्सन तिथेच राहून 'चिल्ड्रन ऑफ स्ट्रेंजर्स' (१९३७) लिहीत होता. मला ती कादंबरी फार भावली नाही, माणसं लांबून पाहिल्यासारखी वाटतात. पण तेव्हा त्याच मळ्यावर एक बाई होती, क्लेमेंटाइन हंटर. आधी शेतात कापूस वेचला, मग स्वयंपाकघरात. लिहिता-वाचता येत नव्हतं. पन्नाशीच्या पुढे, कुणा पाहुण्या चित्रकाराने मागे टाकलेल्या रंगांच्या नळ्या तिच्या हाती आल्या आणि खिडकीच्या पडद्यापासून बाटल्यांपर्यंत मिळेल त्यावर ती रंगवत सुटली. कापूस वेचणं, कपडे धुणं, बाप्तिस्मा, लग्न, मयत. १९५५ मध्ये तिथल्या आफ्रिकन हाउसच्या माडीवर तिने भिंतभर चित्रं केली. त्यात पूर्ण केन रिव्हर आहे. १९८८ च्या पहिल्या दिवशी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी ती गेली.

पुस्तकांच्या धाग्यात तिचं नाव बसतंही. 'मेलरोज प्लँटेशन कुकबुक' (१९५६) तिच्या पाककृतींचं आहे. तिने सांगितलं आणि मेलरोजलाच राहणाऱ्या फ्रान्स्वा मिन्यों याने उतरवून घेतलं.

रेवती_श्रीव्हपोर्ट | रविवार, रात्री १०:००

मीनल, माडीवरच्या त्या चित्रांत मालकांची घरं लहान आणि माणसं मोठी आहेत, हे पाहिलंस का? आणि महत्त्वाच्या माणसाला ती अजून मोठं काढते.

शिरीष_पुणे | सोमवार, सकाळी ८:५०

टॅडेमीचं दुसरं पुस्तक कुणी वाचलंय का? 'रेड रिव्हर', २००७. मी आधी तेच वाचलं होतं. केन नदीच्या जरा खाली, रेड रिव्हरवर कोलफॅक्स गाव आहे. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या वादातून काळे लोक कोर्टाची इमारत राखून बसले होते. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने ती पेटवली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. पुढे खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८७६ मध्ये आरोपी सुटले. १९५० मध्ये गावात जो सरकारी फलक लावला त्यावर याला 'दंगल' म्हटलं होतं. तो फलक २०२१ पर्यंत तिथे उभा होता.

कादंबरी म्हणून 'केन रिव्हर' जास्त चांगली असेल, पण 'रेड रिव्हर'मधला पहिला भाग, कोर्टात अडकून पडलेल्या माणसांचे ते दिवस, माझ्या डोक्यातून जात नाहीत.

रेवती_श्रीव्हपोर्ट | सोमवार, सकाळी ९:३०

शिरीष, वाचलंय. तेही तिच्याच घराण्याचं, वडिलांकडचं. 'केन रिव्हर' आईकडचं.

वैदेही_ज | सोमवार, दुपारी २:२५

मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण विक्रीच्या यादीत नाव सापडतं हे वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यात आहे. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. पुरुषांची दहा पिढ्यांची नावं. पणजीच्या जागी सासरचं बदललेलं नाव, आणि तिच्या दोन मुलींच्या जागी नुसतं 'दोन कन्या'. काल मोठ्या आत्याला फोन करून विचारलं. पणजीचं माहेरचं नाव तिला आठवलं, चिमी. पाळण्यातलं नाव तिलाही माहीत नाही. दोन कन्यांपैकी एकीचं नाव द्वारका, सातव्या वर्षी देवीच्या साथीत गेली. कुलवृत्तांताच्या त्या पानावर पेनने लिहून ठेवलं.

प्राजक्त | सोमवार, दुपारी ४:००

वैदेही, दुसरीचंही विचारा. आत्यांना दोन दिवस द्या, आठवेल.

मंदार_ठाणे | गुरुवार, रात्री ११:४०

'केन रिव्हर' घेतलं, ई-बुक. सव्वाशे पानं झाली. सुझेटच्या भागात आहे आणि वाचताना थांबावं लागतंय. एक अडचण आहे: सुरुवातीची वंशावळ फोनवर नीट दिसत नाही, मोठी केली की फाटे तुटतात. कोण कुणाचं मूल याचा गोंधळ होतो. काही युक्ती?

रेवती_श्रीव्हपोर्ट | शुक्रवार, सकाळी ६:१५

मंदार, एक मोठा कागद घे आणि हाताने उतरवून काढ, मीही तसंच केलं होतं. सगळ्यात वर एलिझाबेथ, कारण तिच्यावरचं नाव कुणाला सापडलेलं नाही. बापांची नावं वेगळ्या शाईने लिही, ती पुन्हा पुन्हा बदलतात. आणि फिलोमीनच्या खाली जागा जास्त सोड.